पाहुण्यांची बाजू

१९३७ सालच्या डिसेंबरात मुंबईस चर्चगेटनजीक, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर, ब्रेबॉर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले, आणि त्याच हंगामात त्या नव्या वास्तूत प्रथमच भरणाऱ्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांतून हिंदूंच्या संघाने अंग काढून घेतले. पंचाचा निकाल, खेळाडूंची निवड किंवा नाणेफेक यांपैकी कशाचाही त्या तंट्याशी संबंध नव्हता. तंटा होता तो प्रेक्षकांना बसावयाच्या जागांचा. पूर्वी जिमखान्यांच्या मैदानांवर सामने होत तेव्हा जो तो आपापल्या तंबूत आपापल्या माणसांची सोय पाहत असे. आता मैदानाची, भिंतींची आणि खुर्च्यांची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे गेली, जागांचे वाटप त्या क्लबाच्या दफ्तरातून होऊ लागले, आणि आपल्या वाट्यास आलेल्या जागा आपल्या पाठीराख्यांच्या मानाने अपुऱ्या आहेत, ही हिंदू जिमखान्याची तक्रार काही केल्या मिटली नाही. परिणामी ज्या वर्षी पाचवा संघ घेऊन चौरंगीची पंचरंगी झाली, त्याच वर्षी प्रत्यक्षात चारच संघ मैदानात उतरले.

तो पाचवा संघ ‘इतर’ या नावाने ओळखला जाई. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन या चार रकान्यांत ज्यांची नोंद बसत नव्हती अशा ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध वगैरे सर्वांची रवानगी त्यात होत असे. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती म्हणून याच संघातून खेळत, आणि १९४३ साली हिंदूंविरुद्ध, संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्यांनी एकट्यांनी काढल्या, ही गोष्ट जुन्या क्रिकेटरसिकांना तोंडपाठ असते. मात्र अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्यास बसून हा इतिहास वाचणाऱ्याचे लक्ष धावांपेक्षा त्या रकान्यांकडे अधिक जाते. पोर्तुगिजांनी बांधलेल्या कोटाच्या आत आणि बाहेर, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून कुंपणाला कुंपण लावून जी वस्ती आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिच्यात कोळी, आगरी, माळी, ब्राह्मण आणि मुसलमान होते, तसेच तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली म्हणविले जाणारे बेने इस्रायलीही होते, ज्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर गावात आजही उभे आहे. आणि खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली, पोर्तुगीज अंमलातून उगवलेली स्वतःची निराळी बोली बोलणारे ख्रिस्ती राहतात. ही सर्व मंडळी एका पडावातून मुंबईस जाऊन पंचरंगीच्या दारात उभी राहिली असती, तर त्यांतल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांना वेगवेगळ्या संघांचे पाठीराखे म्हणून वेगवेगळ्या बाजूंस जावे लागले असते. जागा देणारा माणूस जागेबरोबरच प्रेक्षकाची ओळखही ठरवून देतो. त्या ओळखीवर आधारलेल्या सामन्यांविरुद्ध महात्मा गांधींनी १९४० साली आपले मत स्पष्टपणे नोंदविले, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

हा लेख फुटबॉलच्या परगावच्या सामन्यांविषयी, म्हणजे आपला संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळावयास जातो तेव्हा त्याच्यामागून जाणाऱ्या पाठीराख्यांना कोठे बसविले जाते आणि तेथे ते कसे वागतात, याविषयी आहे. परंतु रेवदंड्याच्या परिसरात पाहुण्या प्रेक्षकाची पहिली ओळख फुटबॉलच्या मैदानावर होत नाही, ती होते कबड्डीच्या. भात झोडून झाले, थंडी पडली, की अलिबाग तालुक्यातल्या गावोगावी रात्रीचे सामने सुरू होतात, आणि गावचा संघ बाहेर निघाला की त्याच्यामागे टेम्पो भरभरून माणसे निघतात. गेल्या हंगामात अशाच एका सामन्यास, निव्वळ प्रेक्षक पाहण्याच्या उद्देशाने, मी शेजारच्या गावी गेलो होतो. तांबडी माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेले मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, बांबूंना बांधलेला दोर, चार कोपऱ्यांना हॅलोजनचे दिवे आणि ध्वनिक्षेपकावर देणगीदारांची नावे घेणारा निवेदक, हे सर्व अपेक्षेप्रमाणे होते. माझे लक्ष वेधले ते बैठकीच्या रचनेने.

कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, आणि मध्यंतरानंतर दोन्ही संघ आपापली बाजू बदलतात. पाहुण्यांना रुंदीच्या बाजूस, म्हणजे एका टोकाला बसविले, तर अर्धा सामना त्यांचा संघ त्यांच्या पुढ्यात आणि उरलेला अर्धा सामना पलीकडच्या टोकाला, यजमानांच्या गर्दीत राहील. म्हणून त्या गावाने पाहुण्यांना लांबीच्या बाजूस, गुणफलकासमोर, दोराच्या अगदी लगत जागा दिली होती. तिला तेथे सगळे पाहुण्यांची बाजू म्हणतात. त्यांच्या दोन्ही अंगांना यजमान गावातली वडीलधारी मंडळी खुर्च्या टाकून बसली होती, आणि गावातली हुल्लडखोर म्हणून ज्ञात असलेली पोरे नेमकी समोरच्या बाजूस, निवेदकाच्या नजरेखाली ठेवली होती. एकेकाळी स्वतः चढाईसाठी नाव कमावलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी या रचनेचे कारण विचारले. “पाव्हण्याला पुढं बसवायचा,” ते म्हणाले. “मागं बसवलास तर त्याला दिसत नाय, मग तो उभा राहतो. तो उभा राहिला की आपली पोरं उभी राहतात. आणि सगळीच उभी राहिली की मग कोण कोणाचं ऐकत नाय.” लंडनपासून ब्यूनोस आयरिसपर्यंत पोलिसांनी आणि क्रीडासंस्थांनी ज्या प्रश्नावर अहवालांच्या चळती रचल्या आहेत, त्याचे इतके नेमके विवेचन मी अन्यत्र क्वचितच वाचले आहे.

उत्तरार्धात, गुणांचा फरक दोनावर आलेला असताना, पाहुण्यांचा एक गडी चढाई करून परतत होता. कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला, मधल्या दोघांनी धडक दिली, आणि तो गडी मैदानाबाहेर, दोराखालून थेट यजमान पोरांच्या मांड्यांवर जाऊन आदळला. क्षणभर काय होईल ते सांगता येत नव्हते, कारण त्या ठिकाणी तो पन्नास विरोधकांत एकटा होता. पोरांनी त्याला बगलेत हात घालून उठविले, एकाने त्याच्या पाठीवरची माती झटकली, दुसऱ्याने त्याची सुटलेली पट्टी हातात दिली, आणि तो दोराच्या आत गेल्यावर मग सगळ्यांनी मिळून कानठळ्या बसतील अशी त्याची हुर्यो उडविली. हुर्यो उडविणे हा यजमान प्रेक्षकाचा हक्क आहे, असे मी मानतो. ती उडविण्यापूर्वी माणसाला उठवून उभे करावयाचे, हा क्रम मात्र कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नाही. तो त्या पोरांनी आपल्या थोरांना पाहून उचललेला असतो.

अलीकडे बक्षिसांच्या रकमा वाढल्या तशी दोराची जागा बांबू-फळ्यांच्या तात्पुरत्या गॅलऱ्या घेऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी मला खरी धास्ती वाटते. तेलंगणातील सूर्यापेट येथे मार्च २०२१ मध्ये, कुमार गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेच्या प्रसंगी, अशीच एक गॅलरी प्रेक्षकांसकट कोसळून शंभरावर माणसे जखमी झाली. जमिनीवर मांडी घालून बसलेला प्रेक्षक फार तर पुढच्याच्या अंगावर रेलतो. चार-पाच मीटर उंचीवर उभा केलेला प्रेक्षक सर्वस्वी सुताराच्या आणि कंत्राटदाराच्या भरवशावर असतो. मंडळांनी गॅलरी उभारण्यापूर्वी तिची तपासणी करून दाखला घेतलाच पाहिजे, आणि तो घेतल्याशिवाय ध्वनिक्षेपकाचा परवानाही मिळता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावातल्या तरुण पिढीचे रात्रीचे जागरण आता कबड्डीइतकेच फुटबॉलसाठी होते, आणि ज्यांना मोबाइलच्या पडद्यावर समाधान होत नाही ते अंधेरीची वाट धरतात. तेथे शहाजीराजे क्रीडा संकुलात मुंबई सिटी या संघाचे घरचे मैदान आहे. प्रेक्षकांची सोय जेमतेम सात हजारांची, परंतु मैदानाला लागून बसावयास मिळत असल्यामुळे खेळाडूच्या बुटाचा चेंडूवर पडणारा आवाजही ऐकू येतो. पश्चिमेकडील भागात वेस्ट ब्लॉक ब्लूज या नावाने संघटित झालेले निळ्या पोशाखातले पाठीराखे ढोल घेऊन उभे असतात. केरळ ब्लास्टर्सचा संघ येतो त्या दिवशी मात्र पाहुण्यांसाठी राखलेला भाग पिवळ्या रंगाने भरून जातो, आणि पिवळा रंग तेवढ्या सीमेत न मावता इतर भागांतूनही जागोजाग दिसू लागतो. ही माणसे कोचीहून आलेली असतील अशी माझी समजूत होती. त्यांच्यातल्या एका गृहस्थांशी मी हिंदीत बोलू लागलो, तो त्यांनी स्वच्छ मराठीत उत्तर दिले. जन्म डोंबिवलीचा, नोकरी ठाण्यास, मुले मराठी माध्यमात. “घर इथलंच हो,” ते म्हणाले, “संघ तेवढा तिकडचा.” ज्याला आपण पाहुणा म्हणून वेगळ्या फाटकाने आत घेतो तो लोकलने घरून आलेला असतो, आणि यजमानांच्या खुर्चीवर बसलेले आम्ही रेवदंडेकर खाडी आणि समुद्र ओलांडून आलेलो असतो, ही मुंबईच्या प्रेक्षागाराची विशेषता आहे. परंपरेने पाहता ती जुनीच आहे. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या काळात, कुलाब्याच्या कूपरेज मैदानावर, कलकत्त्याचे आणि हैदराबादचे संघ आले की त्यांच्या बाजूने ओरडणारे कंठ मुंबईच्याच चाळींतून आणि कचेऱ्यांतून येत असत.

याच अंधेरीच्या मैदानावर १ जून २०१८ रोजी भारताने तैवानचा ५-० असा पराभव केला, तेव्हा घरचे मैदान असूनही अडीच हजारांच्या आसपासच प्रेक्षक हजर होते. कर्णधार सुनील छेत्री याने दुसऱ्या दिवशी लोकांना हात जोडून विनंती केली की, टीका करावयाची तर करा, शिव्या द्यावयाच्या तर द्या, परंतु मैदानावर येऊन द्या. आणि ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्यात, जो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, भर पावसात एकही जागा रिकामी उरली नाही. त्या विनंतीतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रेक्षकाचे वाईट वागणेही त्या खेळाडूने त्याच्या गैरहजेरीपेक्षा पत्करले.

अर्थात वाईट वागण्याला मर्यादा असते, आणि ती ओलांडली गेल्याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात, परस्परांचे पाठीराखे एकाच सज्जात मिसळून बसलेले असताना, मैदानावरील चकमकीचे पडसाद वर उमटले, मारामारी आणि दगडफेक झाली, आणि चेंगराचेंगरीत सोळा माणसे प्राणास मुकली. पुढे सॉल्ट लेकचे अवाढव्य स्टेडियम झाले, दोन्ही बाजूंचे दरवाजे निराळे झाले, तरी ९ डिसेंबर २०१२ रोजी प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि त्या संघाने मध्यंतरानंतर मैदानात उतरण्यास नकार दिला. त्याच स्टेडियमवर ४ मे २०२४ रोजी, बासष्ट हजारांच्या समुदायासमोर, मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असे नमवून इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा मुंबईचे पाठीराखे एका कोपऱ्यात मूठभर होते. त्यांना सुखरूप बाहेर काढण्याची जबाबदारी ज्या बंदोबस्तावर होती, त्याचे काम सामना संपल्यावर सुरू होते. कारण पाहुण्यांना दुखापत होण्याचा खरा प्रसंग त्यांचा संघ हरतो तेव्हा येत नाही, तो जिंकतो तेव्हा येतो.

युरोपात या विषयाचे शास्त्र झाले आहे, आणि ते शास्त्र मृतांच्या संख्येवर उभे आहे. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांचा अंतिम सामना होता. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या शेजारचा ‘झेड’ नावाचा विभाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी म्हणून राखला होता, परंतु त्याची तिकिटे प्रत्यक्षात पुष्कळशी इटालियनांच्या, आणि त्यांतही ब्रुसेल्समध्येच पोटापाण्यासाठी स्थायिक झालेल्या इटालियनांच्या हाती गेली. अंधेरीच्या पिवळ्या प्रेक्षकांचे ते जणू सख्खे भाऊबंद. पत्ता यजमान शहराचा, जीव पाहुण्या संघात. कागदावर तटस्थ असलेला तो विभाग अशा रीतीने एका पक्षाचा झाला, मध्ये केवळ जाळीचे तकलादू कुंपण आणि थोडके पोलीस उरले, लिव्हरपूलच्या बाजूने मुसंडी आली, मागे हटणारी माणसे भिंतीशी चेंगरली, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले. गुन्हा मुसंडी मारणाऱ्यांचा होता, याविषयी दुमत नाही, आणि इंग्लिश क्लबांना त्यानंतर पाच वर्षे युरोपीय स्पर्धांबाहेर राहावे लागले. तथापि प्रेक्षक कोठे राहतो यावरून तो कोणाचा हे ठरविणाऱ्या, आणि जीर्ण झालेल्या स्टेडियमला अशा सामन्यासाठी पसंती देणाऱ्या अधिकाऱ्यांचा वाटाही त्यात होता.

चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जे घडले त्यात तर परस्परविरोधी पाठीराख्यांची गाठही पडली नव्हती. त्यांची गाठ पडू नये हाच बंदोबस्ताचा मुख्य हेतू होता, आणि म्हणून जो संघ ज्या दिशेने शहरात येणार त्या दिशेचे टोक त्याला दिले गेले. त्यामुळे अधिक पाठीराखे असलेल्या लिव्हरपूलच्या वाट्यास लहान टोक आणि मोजकीच फिरती फाटके आली. बाहेर गर्दी तुंबली, तेव्हा पोलिसांनी एक मोठे दार उघडले. आत जाणारा लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कोंडवाड्यांकडे वळला. आणि मैदानात कोणी उतरू नये म्हणून उभारलेल्या पोलादी जाळ्यांनी त्यांना पुढेही जाऊ दिले नाही. त्या दिवसाच्या मृतांचा आकडा आज ९७ आहे. दारू प्यालेल्या, तिकीट नसलेल्या प्रेक्षकांनी हे ओढवून घेतले, असा प्रवाद दीर्घकाळ पसरविण्यात आला, आणि तो खोटा ठरण्यास, प्रेक्षकांवर कोणताही दोष नाही असा पंचांचा निर्वाळा मिळण्यास, २०१६ साल उजाडावे लागले. सत्तावीस वर्षे आपल्या मुलांच्या नावावरचा हा डाग पुसण्यासाठी झटणाऱ्या त्या आईबापांविषयी वाचताना मन विदीर्ण होते.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानुसार इंग्लंडच्या वरच्या वर्गातील मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला क्रमांकाची खुर्ची मिळाली आणि समोरच्या जाळ्या उतरल्या. आज तेथील प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाला तीन हजार जागा, किंवा मैदान लहान असल्यास एकूण जागांचा दहावा हिस्सा, मागण्याचा हक्क आहे; २०१६ पासून त्यांच्या तिकिटाची किंमत ३० पौंडांवर नेता येत नाही. त्यांचा विभाग बहुधा कोपऱ्यात असतो, दोन्ही बाजूंना काही रांगा रिकाम्या ठेवून त्यांवर कापड ताणलेले असते, दार, प्रसाधनगृह, खाद्यपेयांची खिडकी ही सर्व निराळी असतात, आणि कित्येकदा सामना संपल्यावर यजमान पांगेपर्यंत त्यांना आतच थांबविले जाते. याउलट अर्जेंटिनाने २०१३ साली, एका पाहुण्या पाठीराख्याच्या मृत्यूनंतर, पाहुण्या प्रेक्षकांना सरसकट बंदीच केली आणि ती अनेक वर्षे चालविली. रोग्याला वगळून रोग बरा करण्याच्या या उपायावर माझा विश्वास नाही, आणि तो का नाही याचे उत्तर इंडोनेशियातील मलंग शहराने दिले आहे. तेथील कांजुरुहान स्टेडियमवर १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाहुण्यांना मज्जावच होता; प्रेक्षागारातले झाडून सारे एकाच, यजमान संघाचे होते. तो संघ ३-२ असा हरला, काही जण मैदानात उतरले, पोलिसांनी बसलेल्या लोकांच्या दिशेने अश्रुधुराची नळकांडी फोडली, गुदमरलेला समुदाय अरुंद आणि अर्धवट मिटलेल्या दारांकडे धावला, आणि १३५ माणसे गेली. शत्रूपक्षाचा म्हणावा असा एकही माणूस त्या ठिकाणी नव्हता.

महाराष्ट्रात या सगळ्याचा विचार करावयास सर्वांत योग्य शहर कोल्हापूर होय. तेथील फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ, रविवार पेठेची दिलबहार तालीम असे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात, तेव्हा दोन्ही संघ त्याच गावचे, मैदानही सर्वांचेच, आणि तरीही प्रत्येक पेठ आपली नेहमीची बैठक सोडून दुसरीच्या बैठकीत पाय ठेवीत नाही. तेथे प्रत्येक सामना घरचाही असतो आणि परगावचाही. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले, मंडळांवर आणि खेळाडूंवर कारवाई झाली, असे प्रसंग तेथे वरचेवर येतात, आणि त्याबद्दल कोल्हापूरकरांना बाहेरच्यांचे बोल ऐकावे लागतात. परंतु व्यावसायिक संघ नाही, आणि तरी साध्या साखळी सामन्याला हजारो माणसे उन्हात येऊन बसतात, असे दुसरे शहर या राज्यात दाखविता येणार नाही. त्या उत्साहाला फटका मारून गप्प बसविणे सोपे आहे. प्रत्येक पेठेतली चार वडीलधारी माणसे आपापल्या पोरांच्या अंगाला खुर्च्या टाकून बसविणे अधिक कष्टाचे, आणि माझ्या मते अधिक टिकाऊ.

प्रेक्षागाराची मालकी आणि प्रेक्षकाची इज्जत यांचा संबंध किती जवळचा असतो, याचे आणखी एक उदाहरण ब्रेबॉर्नच्याच शेजारी उभे आहे. कसोटी सामन्यांच्या वेळी आपल्याला पुरेशा जागा मिळत नाहीत म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनचे प्रमुख शेषराव वानखेडे, जे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते, आणि क्रिकेट क्लबचे विजय मर्चंट यांच्यात विकोपाचा बेबनाव झाला, आणि त्यातून हाकेच्या अंतरावर वर्ष-सव्वा वर्षात दुसरे स्टेडियम बांधून झाले. जानेवारी १९७५ मधील तेथल्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केले, तेव्हा एक प्रेक्षक त्याचे अभिनंदन करावयास धावत मैदानात शिरला. पोलिसांनी त्याला इतके मारले की सबंध समुदाय खवळला आणि खेळ बंद पडला. तो प्रेक्षक पाहुण्या खेळाडूच्या गळ्यात पडावयास निघाला होता, हे विसरता येत नाही.

अंतिम सामना कोणाच्याच गावी नसला की काय होते, ते मडगावच्या फातोर्ड्याने २० मार्च २०२२ रोजी दाखविले. साथीच्या दोन हंगामांत इंडियन सुपर लीगचे सामने गोव्यातल्या रिकाम्या स्टेडियमांवर, प्रेक्षकांशिवाय झाले होते. केरळ ब्लास्टर्स आणि हैदराबाद यांच्या अंतिम सामन्यासाठी दारे उघडली, आणि केरळातून कोकण रेल्वेने, बसने, मोटारींनी माणसांची रीघ लागली. कागदोपत्री यजमानपद हैदराबादकडे असल्यामुळे पिवळा पोशाखही त्यांच्याकडे गेला आणि केरळच्या खेळाडूंना आपला रंग बाजूस ठेवावा लागला. तेव्हा केरळच्या प्रशिक्षकांनी पाठीराख्यांना सांगितले की, तुम्ही पिवळ्यातच या. स्टेडियम त्या रंगाने भरून गेले. पुढे गेलेल्या केरळची आघाडी सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत ज्या साहिल ताव्होराने फेडली तो गोव्याचा, आणि पेनल्टींत ज्याने केरळचे फटके अडवून हैदराबादला चषक मिळवून दिला तो गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीही गोव्याचाच. दोन पाहुण्या संघांच्या त्या झुंजीत यजमान गावाची मुले पाहुण्यांच्या पोशाखात जिंकली.

आता आमच्या गाऱ्हाण्याकडे येतो. पाहुण्यांची व्यवस्था म्हणजे खुर्चीचा क्रमांक आणि कुंपण एवढेच समजले जाते; माणूस घरी कसा पोहोचणार याचा विचार तीत क्वचितच असतो. अंधेरीचा सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो आणि साडेनऊनंतर सुटतो. रेवदंड्याहून जाताना एस. टी.ने अलिबाग, तेथून मांडवा, लाँचने गेटवे आणि चर्चगेटहून लोकल, असा चार-साडेचार तासांचा पण सुखाचा प्रवास होतो. परतीच्या वेळी मांडव्याकडे जाणारी शेवटची लाँच केव्हाच सुटलेली असते. मग पनवेलपर्यंत लोकल आणि पुढे मिळेल ते वाहन, किंवा पहाटेपर्यंत फलाटावरचे बाक. यामुळे गावातल्या मुली, ज्यांच्यापैकी काही जणी शाळेच्या संघातून उत्तम खेळतात आणि ज्यांनी हे सामने प्रत्यक्ष पाहणे फार अगत्याचे आहे, त्या मुळी जाऊच शकत नाहीत. सामन्याच्या रात्रींपुरती अंधेरीहून साडेदहाला सुटून पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, चौल करीत रेवदंड्यास येणारी एक गाडी सुरू करावी, अशा अर्जाचा मसुदा तयार आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलींच्या वतीने त्यावर पहिली सही केली आहे, आणि कबड्डी मंडळाच्या मुलांनी अर्जाची प्रत थेरोंडा, आग्राव आणि खाडीपलीकडे साळाव-कोर्लईपर्यंत फिरविण्याचे काम अंगावर घेतले आहे.